लेकराचा मोतीबिंदू आणि लपवलेली सर्दी

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाची अडखळ काढली आहे, बाकी बहुतेक जसंच्या तसं. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा गावात रेंज नाही, त्यांच्यासाठी.)

एरवी आपण इथं फोन, ॲप, नोकरी असल्या गोष्टींवर बोलतो. आज डोळ्यांवर बोलायचंय, आणि तेही लहान लेकरांच्या. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस आहे. पण गेल्या वर्षी घरातल्या एका लेकराच्या ऑपरेशनच्या निमित्तानं बरंच वाचलं, डॉक्टरांना भरपूर पिडलं, आणि लक्षात आलं की ही माहिती मराठीत सोप्या भाषेत फारशी मिळतच नाही. म्हणून हा भाग.

माझ्या मामेबहिणीचा मुलगा, दीड वर्षाचा. गाव मुखेड तालुक्यातलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनच्या दिवशी ती, दाजी आणि मामी पहाटेची एसटी पकडून शहरातल्या हॉस्पिटलात पोचले. मी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. सगळे बाहेर बाकावर बसलो होतो. लेकरू उपाशी, किरकिर करतंय, आणि नाक गळतंय. मामीनं पदरानं त्याचं नाक पुसलं आणि हळूच बहिणीला म्हणाली, "सर्दीचं सांगू नको माय, परत पाठवतेत."

मामीचं म्हणणं काही वेडेपणाचं नव्हतं. दाजींची दोन दिवसांची मजुरी बुडलेली, जायचं-यायचं भाडं गेलेलं, तारीख मिळायला महिना लागलेला. परत जायचं म्हणजे हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. तरीपण त्या बाकावरचं ते एक वाक्य त्या दिवशीचा सगळ्यात मोठा धोका होता. तो कसा, ते आज समजून घेऊ.

मोतीबिंदू, तोही लहान मुलांना?

हो. आपल्याकडं मोतीबिंदू म्हटलं की आजोबा, हिरवी पट्टी आणि शिबिर एवढंच डोळ्यांपुढं येतं. लातूरकरांना डॉ. तात्याराव लहाने आठवतात. ते मूळचे लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे, पुढं मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलचे अधिष्ठाता झाले, २००८ साली पद्मश्री मिळाली. गावोगावच्या किती तरी म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या शिबिरांमुळं दिसायला लागलं. पण त्या शिबिरांमुळंच असेल, मोतीबिंदू हा म्हातारपणाचाच आजार असं आपल्या डोक्यात बसलंय.

लहान मुलांत तो जन्मतः असू शकतो, किंवा पहिल्या काही वर्षांत होतो. कधी घराण्यातून येतो. कधी आईला गरोदरपणात रुबेला म्हणजे जर्मन गोवर झाल्यामुळं होतो. कधी शरीरातल्या रासायनिक बिघाडामुळं. आणि खेड्यात एक मोठं कारण म्हणजे मार. विटी उडून लागली, दिवाळीत फटाका लागला, पऱ्हाटीचं किंवा तुराटीचं टोक डोळ्यात घुसलं. डोळ्याच्या आतल्या नैसर्गिक भिंगाला इजा झाली की ते पांढरं पडतं.

मोठ्या माणसाच्या मोतीबिंदूला सहा महिने थांबलं तरी बहुतेक वेळा चालतं. लेकराचं तसं नाही. बघायचं कसं हे मेंदू पहिल्या काही वर्षांत शिकतो. त्या काळात डोळ्यातून धड चित्रच गेलं नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडं लक्ष देणं सोडून देतो. मग पुढं भिंग कितीही स्वच्छ करा, नजर नीट येत नाही. म्हणून जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर डॉक्टर पहिल्या दीड-दोन महिन्यांतच ऑपरेशन करायला बघतात.

म्हणजे आई-बापांची कात्री बघा. उशीर केला तर नजर जाते, आणि घाई करून सर्दी लपवली तर इन्फेक्शनचा धोका वाढतो.

आतलं इन्फेक्शन म्हणजे काय?

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ होती, आठवत असेल. डोळे लाल, चिकट, चार-आठ दिवसांत बरे. ते इन्फेक्शन डोळ्याच्या बाहेरच्या पातळ आवरणाचं. आपण ज्याबद्दल बोलतोय ते डोळ्याच्या आतलं. त्याला एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. नाव अवघड आहे, पण कागदावर दिसलं तर ओळखता यावं म्हणून एकदा सांगितलं.

डोळ्याचा गोळा आतून दोन भागांचा. पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव, जो सतत नवा होत राहतो. मागच्या मोठ्या भागात जेलीसारखा पदार्थ. त्या जेलीत रक्तवाहिन्या नाहीत. म्हणजे जंतू तिथं पोचले तर शरीराचं सैन्य पोचायला उशीर होतो, आणि तोंडातून घेतलेली किंवा सलाईनमधून दिलेली औषधंही तिथं नीट पोचत नाहीत. जंतूंना मात्र आयतं खाद्य. काही तासांत संख्या कुठल्या कुठं जाते, आणि त्या मारामारीत डोळ्याचा पडदा जळून जातो. पडदा एकदा गेला की तो परत येत नाही.

आता लेकरांच्या बाबतीतली खास गोष्ट. मोठ्या माणसाच्या ऑपरेशनमध्ये भिंगाची मागची पातळ पिशवी शाबूत ठेवतात. ती पुढच्या आणि मागच्या भागातली भिंत असते. लहान मुलांत ती पिशवी तशीच ठेवली तर लवकरच पुन्हा पांढरी पडते. म्हणून डॉक्टर तिला मुद्दाम गोल भोक पाडतात आणि पुढची थोडी जेलीही काढतात. हे बरोबरच आहे, नजरेसाठी लागतंच. पण त्यामुळं ती भिंत राहत नाही. पुढच्या भागात शिरलेल्या जंतूला मागं जायला वाट मोकळी.

असं किती वेळा होतं?

क्वचित. हे ठळकपणे सांगतो, कारण हे ऐकून कुणी ऑपरेशनच टाळू नये. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत मुलांच्या मोतीबिंदू आणि काचबिंदूच्या ऑपरेशननंतर हे इन्फेक्शन दर १०,००० मागे साधारण ७ वेळा आढळलं. इतर ठिकाणच्या आकड्यांत फरक आहे, काही जास्त आहेत. पण "दुर्मिळ" या शब्दाला धक्का लागत नाही.

मोतीबिंदू तसाच ठेवला तर नजर अधू होणं जवळपास ठरलेलं. ऑपरेशन केलं तर इन्फेक्शनची शक्यता हजारात एखादी किंवा त्याहून कमी. हिशोब सरळ आहे, ऑपरेशन करायचंच.

पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. इन्फेक्शन झालेल्या मुलांमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. अश्रूंची नळी तुंबलेली, डोळ्याभोवती इसब, आणि सर्दी-खोकला. या तिन्ही गोष्टी ऑपरेशनच्या आधी घरच्यांना दिसत असतात. त्यासाठी मशीन लागत नाही.

ऑपरेशनच्या आधी: जंतू कुठून येतात?

आपल्याला वाटतं इन्फेक्शन हॉस्पिटलातून येतं. कधी कधी येतंही, त्यावर पुढं बोलू. पण बहुतेक वेळा जंतू पेशंटच्याच अंगावरचे असतात. पापण्यांच्या कडा, पापणीच्या आतला भाग, नाक. एरवी ते तिथं गुपचूप राहतात. डोळ्याला छेद गेला की त्यांना दार मिळतं.

पहिली गोष्ट, सर्दी. नाक आणि डोळा हे शेजारी नाहीत, एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत. रडल्यावर नाकात पाणी का येतं? कारण डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी थेट नाकात उतरते. लेकराला सर्दी झाली की नाका-घशातल्या जंतूंची संख्या वाढते, आणि शेंबडाचा हात डोळ्याला लागतो तो वेगळाच. शिवाय खोकला-शिंक आली की ताज्या जखमेवर दाब येतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सर्दीची भीती असते, कारण सर्दी असलेल्या लेकराची श्वासनलिका भुलेत आवळू शकते. म्हणजे सर्दी लपवणं डोळ्यालाच नाही, जिवालाही धोक्याचं.

दुसरी, डोळ्यातून सारखं पाणी. जन्मल्यापासून एक डोळा पाणावलेला, सकाळी चिपडानं चिकटलेला, कोपऱ्यात दाबलं की घाण येते. घरात म्हणतात, "लहानपणी असतंच, जाईल." बऱ्याच बाळांत वर्षभरात जातंही. पण ऑपरेशन असेल तर ही नळी तुंबलेली नाही ना, हे बघावंच लागतं. तुंबलेली नळी म्हणजे तुंबलेली मोरी, आत पू साचून राहतो. ती मोकळी केल्याशिवाय डोळा उघडणं धोक्याचं.

तिसरी, डोळे आलेले असणं, पापणीवर रांजणवाडी, पापण्यांच्या मुळाशी कोंडा, चेहऱ्यावर खरूज किंवा फोड, वाहणारा कान.

चौथी, आपले घरगुती उपाय. काजळ, मध, एरंडेल, आईचं दूध, कुणी दिलेला अंजनाचा दगड. माया खरी आहे, पण यातलं काहीच निर्जंतुक नसतं. काजळाच्या डबीत घरातल्या सगळ्यांची बोटं गेलेली असतात. ऑपरेशन ठरल्या दिवसापासून डोळ्यात फक्त डॉक्टरांनी लिहिलेलं औषध.

आणि पाचवी, मार लागून झालेला मोतीबिंदू. काटा किंवा तुराटी डोळ्यात घुसली असेल तर जंतू त्या क्षणीच आत गेलेले असू शकतात. मातीतले, काडीवरचे जंतू फार वाईट, त्यात बुरशीही आली. अशा वेळी "उद्या बघू" नाही. डोळा चोळायचा नाही, धुवायचा नाही, घुसलेली काडी ओढायची नाही. वर दाब न येणारं झाकण ठेवून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं.

टेबलावर: हॉस्पिटलच्या हातातलं

हे आपल्या हातात नसतं, पण माहीत असावं. म्हणजे योग्य प्रश्न विचारता येतात.

ऑपरेशनआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचं ५ टक्क्यांचं द्रावण टाकतात. तेच ते तपकिरी औषध. स्वस्त आहे आणि साधं आहे. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते वापरल्यावर अशी इन्फेक्शन्स ०.२४ टक्क्यांवरून ०.०६ टक्क्यांवर आली होती. जखमेवर लावायची घरातली बाटली मात्र चुकूनही डोळ्यात टाकू नका. ती वेगळी.

दुसरा उपाय, ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आतच अँटिबायोटिकचा थेंबभर डोस. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, असा डोस न देता इन्फेक्शनचा धोका सुमारे पाचपट दिसला. आपल्याकडं तमिळनाडूच्या अरविंद नेत्र रुग्णालयांनी सहा लाखांहून जास्त ऑपरेशनचा हिशोब २०१७ साली मांडला. मॉक्सिफ्लॉक्सासिनचा असा डोस दिल्यावर प्रमाण ०.०७ वरून ०.०२ टक्क्यांवर आलं. हे आकडे मोठ्या माणसांचे आहेत, पण विचार तोच लेकरांसाठीही लागू पडतो.

तिसरी गोष्ट, टाका. मोठ्या माणसाची जखम इतकी बारीक असते की बऱ्याचदा बिनटाक्याची मिटते. लेकराच्या डोळ्याची भिंत मऊ आणि लवचिक. जखम आपोआप घट्ट मिटत नाही, आणि लेकरू चोळणारच. म्हणून टाका घालतात. जखम गळत असेल, म्हणजे आतलं पाणी बाहेर येत असेल, तर बाहेरचं पाणी आतही जाऊ शकतं. गळकी जखम हा मोठा धोका. पुढं काही आठवड्यांनी टाका सैल होऊन टोचायला लागला, तर तोही जंतूंना वाट देतो. म्हणून "आता बरंय की, कशाला जायचं" म्हणून तपासणी बुडवायची नाही.

चौथी गोष्ट, दोन्ही डोळे. दोन्हीकडं मोतीबिंदू असेल तर बहुतेक डॉक्टर काही दिवसांच्या अंतरानं ऑपरेशन करतात. एका डोळ्याला काही झालं तरी दुसरा सुरक्षित राहावा म्हणून. कधी भूल पुन्हा देणं धोक्याचं असेल तर एकाच दिवशी करतात, पण मग दुसऱ्या डोळ्यासाठी हत्यारं, औषधं, हातमोजे सगळं नवं.

आणि आता हॉस्पिटलातून येणारं इन्फेक्शन. हे येतं तेव्हा बऱ्याचदा घोळक्यानं येतं. एकाच दिवशी, एकाच थिएटरमध्ये ऑपरेशन झालेल्या अनेकांना. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिकेच्या ट्रॉमा केअर हॉस्पिटलात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सात जणांना इन्फेक्शन झालं, त्यातल्या काहींची त्या डोळ्याची नजर गेली. ते सगळे मोठे पेशंट होते. अशा घटनेत एकाच वेळी अनेकांच्या डोळ्यात गेलेल्या गोष्टींवर आधी संशय घेतात: डोळा धुण्याचं द्रावण, हत्यारं उकळण्याचं मशीन, हवा, पाणी. आमच्या भाषेत सांगायचं तर एका युजरला एरर आली तर त्याचा फोन बघतो, सगळ्यांना एकदम आली तर सर्व्हर बघतो. म्हणून आपल्या लेकराला त्रास झाला तर वॉर्डात शेजारच्या पेशंटचं कसं आहे हे विचारा, आणि डॉक्टरांना सांगा. त्यात कुणाची चुगली नाही, दुसऱ्याचा डोळा वाचतो.

घरी आल्यावर: हात, पाणी आणि थेंब

घरी आल्यावर तीन-चार प्रकारचे थेंब असतात, दिवसातून अनेकदा. त्यातला एक बहुधा स्टिरॉइड. लेकरांच्या डोळ्याला ऑपरेशननंतर सूज फार येते, म्हणून तो लागतोच. पण स्टिरॉइड सूज दाबतं तसं इन्फेक्शनची लक्षणंही थोडी दाबू शकतं. म्हणून ते मनानं वाढवायचं नाही, बंदही करायचं नाही.

थेंब टाकायची पद्धत: आधी हात साबणानं धुवायचे. खालची पापणी हलकेच ओढून थेंब तिथं टाकायचा. बाटलीचं तोंड पापणीला, केसांना, बोटाला लागू द्यायचं नाही. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनानं लिहायची, महिन्याभरानं फेकून द्यायची. आजोबांच्या ऑपरेशनची उरलेली बाटली वापरायची नाही, सारखं नाव असलं तरी.

आता "हात धुवा" हे म्हणायला सोपं. आपल्याकडं पाण्याचं काय आहे हे आपल्याला माहिती आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ही काही जुनी दंतकथा नाही. आजही कित्येक वस्त्यांत नळाला आठवड्यानं पाणी येतं, मग ते हौदात, ड्रमात साठवून वापरायचं. साठवलेल्या पाण्यात जे जंतू वाढतात, त्यातले काही डोळ्याचे पक्के वैरी. म्हणून एक साधी व्यवस्था करा. रोज सकाळी तांब्याभर पाणी चांगलं उकळून, झाकून, गार करून बाजूला ठेवायचं. डोळ्याच्या कामासाठी तेवढंच वापरायचं. त्यातला एक पेला हात धुवायला, थोडं डोळ्याच्या बाहेरचं चिपड पुसायला. अगदीच नसेल तर सॅनिटायझर, पण तो हातावर पूर्ण वाळल्यावरच लेकराच्या चेहऱ्याजवळ जायचं.

डोक्यावरून अंघोळ डॉक्टर सांगेपर्यंत बंद. केस धुवायचेच तर सलूनमध्ये धुतात तसे, मान मागं करून. हौद, विहीर, गोदावरीचा घाट बंद. धुळवडीचे रंग बंद. सोयाबीनची मळणी चालू असेल तर लेकरू खळ्यापासून लांब. झोपताना डोळ्यावरचं कडक झाकण लावायचंच, कारण लेकरू झोपेतच जास्त चोळतं. फारच लहान असेल तर कोपर वाकू नये म्हणून पुठ्ठ्याची नळी करून हाताला बांधतात. दिसायला वाईट दिसतं, पण थोड्या दिवसांचा प्रश्न असतो.

ओळखायचं कसं? लेकरू तर बोलत नाही

मोठा माणूस सांगतो, "डोळा ठणकतोय, कालच्यापेक्षा कमी दिसतंय." दीड वर्षाचं लेकरू काय सांगणार? म्हणून आपल्यालाच बघावं लागतं.

हे इन्फेक्शन बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतं, बऱ्याचदा पहिल्या दोन-चार दिवसांत. ऑपरेशननंतर थोडी लाली, थोडं पाणी, थोडी किरकिर साहजिक आहे. नियम असा धरा: रोज कालच्यापेक्षा बरं दिसलं पाहिजे. बरं होत होत अचानक बिघडलं, तर ती धोक्याची घंटा.

काय बघायचं?

– लेकरू डोळा उघडतच नाही, उजेडाकडून तोंड फिरवतं.
– पापणी सुजली, लाली वाढली, घट्ट पिवळसर घाण येते.
– सारखं रडतं, दूध घेत नाही, रात्रभर झोपत नाही.
– काळी बाहुली धुरकट दिसते, किंवा बुबुळाच्या खालच्या काठाला पांढरा थर साचलाय. हा थर म्हणजे पू.

ताप यायलाच पाहिजे असं नाही. "अंग तर गार आहे" म्हणून थांबू नका.

इथं आपला फोन कामाला येतो. रोज सकाळी एकाच जागी, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून दोन्ही डोळ्यांचा एक फोटो काढा. कालचा आणि आजचा शेजारी ठेवून बघा. आठवणीवर भरवसा ठेवू नका, रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. पण फोटो व्हॉट्सॲपवर टाकून उत्तराची वाट बघत बसायचं नाही. फोटो फक्त शंका पक्की करायला. शंका आली की फोन लावायचा आणि निघायचं.

कारण इथं हिशोब तासांचा आहे. उपचार म्हणजे डोळ्यातलं थोडं पाणी किंवा जेली तपासायला काढून अँटिबायोटिकचं इंजेक्शन थेट डोळ्यात, कधी जेली काढण्याचं ऑपरेशन. लेकरांत हे सगळं पूर्ण भूल देऊन. म्हणून निघताना फोनवर विचारा, दूध पाजू का? भुलेसाठी पोट रिकामं लागतं, पण स्वतःच्या मनानं लेकराला उपाशीही ठेवू नका. आणि गावातल्या मेडिकलवरून "लाल डोळ्याची बाटली" घेऊन दोन दिवस बघणं, हे तर नकोच. तेच दोन दिवस डोळा घालवतात.

अंतराचा हिशोब आधीच करा

नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. पण लहान लेकराला भूल देऊन डोळ्याचं ऑपरेशन सगळीकडं होत नाही. म्हणून आपल्याकडचे कित्येक जण हैदराबादला किंवा पुण्याला जातात. नांदेडहून हैदराबाद अडीचशे किलोमीटरच्या वर, लातूरहून पुणे तीनशेच्या वर. ऑपरेशन तिथं जरूर करा. पण डिस्चार्ज घेताना दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. एक, रात्री दोन वाजता त्रास झाला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा? दोन, तुमच्यापर्यंत पोचता आलं नाही तर आमच्या जवळ कुठं जायचं? आणि ऑपरेशनचा कागद, औषधांची यादी यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. जमलं तर पहिला आठवडा किनवट-देगलूरच्या पलीकडं परत जाण्याऐवजी शहरात नातेवाइकाकडं काढा.

मोतीबिंदू लवकर सापडावा यासाठी एक सरकारी सोय आहे, ती वापरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरमध्ये सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. जन्मजात मोतीबिंदू त्यांच्या यादीत आहे. आणि घरी फ्लॅशनं काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरा दिसला, तर तो फोटो डिलीट करू नका, डॉक्टरला दाखवा. मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सरही.

परत त्या बाकावर

तर त्या दिवशी काय झालं? बहिणीनं सांगितलं. नर्सनं नाव पुकारलं, ही आत गेली आणि पहिलंच वाक्य, "याला तीन दिवसांपासून सर्दी आहे, आणि हा डोळा जन्मापासून गळतो." मामी बाहेर कपाळाला हात लावून बसली.

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. डॉक्टरांनी डोळ्याचा कोपरा दाबून बघितला, घाण आली. अश्रूची नळी तुंबली होती. आधी ती मोकळी करायचं ठरलं, सर्दी जाऊ द्यायची ठरली, आणि मोतीबिंदूला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. डॉक्टर म्हणाले, दीड वर्षाच्या या लेकराला तीन आठवडे थांबलेलं चालेल, तीन महिने नाही. हा निर्णय त्यांनी घ्यायचा असतो, पण तो घ्यायला माहिती आपणच द्यायची असते.

परतीच्या एसटीत दाजी कुणाशी बोलले नाहीत. खरं सांगतो, मलाही वाटलं होतं, उगाच सांगितलं.

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. इन्फेक्शन झालं नाही. सर्दी लपवली असती तर झालंच असतं का? तसं म्हणता येणार नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण तुंबलेल्या नळीवर कुणी डोळा उघडला असता, आणि कुणाला कळलंही नसतं.

आता लेकराला जाड भिंगाचा चष्मा आहे. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात, म्हणजे ऑपरेशनचा डोळा कामाला लागावा. तो पट्टी ओढून काढतो, मामी परत लावते. आता तीच अंगणवाडीत येणाऱ्या बायांना सांगते, "डॉक्टरपासून काय बी लपवू नका."

तुमच्या ओळखीत कुणाच्या लेकराचं ऑपरेशन ठरलं असेल तर हा भाग त्यांना पाठवा. निदान एवढं सांगा: सर्दी, खोकला, गळणारा डोळा, फोड, वाहणारा कान, घरात टाकलेलं कुठलंही औषध, सगळं सांगायचं. परत पाठवलं तर पाठवू द्या. एसटी दुसऱ्या दिवशीही असते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.